काठाची दगडी ढाल

सन १९५० च्या १५ ऑगस्टला सायंकाळी आसाम आणि तिबेट यांच्या सीमेजवळील भूमी भयंकर भूकंपाने हादरली. डोंगरांवरून प्रचंड दरडी कोसळल्या आणि त्यांची माती व वाळू नद्यांनी ब्रह्मपुत्रेत आणून ओतली. दिब्रुगड शहराजवळ नदीचे पात्र उथळ झाले. खोली गेली, तेव्हा पाणी रुंदी शोधू लागले; आणि त्या रुंदीच्या वाटेवर लोकांची घरेदारे होती! पुढील काही वर्षांत शहराचा मोठा भाग नदीने गिळला. अखेर १९५४-५५ च्या सुमारास काठाने मातीचा बांध घालण्यात आला आणि काठापासून पाण्यात शिरणारे दगडी आडबांध बांधून प्रवाह दूर लोटण्यात आला.

आडबांधावर असोत वा खुद्द काठावर, दगड विचारपूर्वक घालावे लागतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो चौसष्टपट वजनाचा दगड हलवू शकतो! म्हणून दगड वजनदार हवेत. शिवाय ते फोडलेले, कोनदार असावेत. गुळगुळीत गोटा घरंगळतो. कोनदार दगड शेजारच्या दगडांत अडकून बसतो. त्यांच्याखाली खडीचा थर हवाच. तो नसेल, तर पूर ओसरताना काठात मुरलेले पाणी फटींतून माती घेऊन बाहेर पडते, आणि वरून सुरेख दिसणारे दगड आतल्या पोकळीत ढासळतात.

परंतु खरी मेख पायथ्याशी आहे. नदी काठाला बहुधा खालून पोखरते. वरचा भाग आधार सुटल्यावर कोसळतो. म्हणून काठाचा उतार जेथे संपतो, तेथे पात्रातच दगडांचा एक जाड, सपाट पट्टा अंथरून ठेवतात. नदीने त्याच्या कडेखालची वाळू उपसली, की कडेचे दगड आपोआप खाली घसरतात व उघडा पडलेला उतार झाकून टाकतात. जेथे वार होतो, तेथेच ढाल जाऊन पोहोचते! नुसत्या उंच भिंतीपेक्षा ही योजना कितीतरी शहाणपणाची म्हटली पाहिजे.

हे दगड खर्ची पडण्यासाठीच घातलेले असतात. साहजिकच पूर ओसरल्यावर पट्टा तपासून उणे झालेले दगड पुन्हा भरावे लागतात. आणखी एक गोष्ट आहे. आडबांधाने लोटलेला प्रवाह नाहीसा होत नाही; तो समोरच्या काठावरही आदळू शकतो. त्यामुळे आडबांध घालण्यापूर्वी पलीकडे कोणाची शेते व घरे आहेत, हेही पाहावे लागते.