घर, खेळ आणि शिक्षण

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणारी काही कुटुंबे आज भारतातील मोठ्या शहरांत आढळतात. चेन्नईही त्याला अपवाद नाही. अशा घरात शिक्षणाचा तास कोणता आणि खेळाचा कोणता, असा प्रश्न पाहुण्याला साहजिकच पडतो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गृहशिक्षणाच्या नव्या कल्पनेपेक्षा त्या शहरातील जुन्या घरगुती खेळांकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

चेन्नईत पहाटे दारापुढे सडा घालून जी रांगोळी काढतात तिला तमिळ भाषेत 'कोलम' म्हणतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, मोठमोठी कोलमे काढण्याची प्रथा आहे. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीत बहुधा ठिपके रेषांनी जोडले जातात. कोलमच्या एका प्रकारात मात्र रेषा ठिपक्यांना स्पर्श न करता त्यांच्याभोवती वळसे घेत जाते आणि अखेरीस जेथून निघाली तेथेच येऊन मिळते. लहान मूल आईशेजारी बसून प्रथम केवळ ठिपके मांडते आणि मग चिमटीतून पीठ सोडण्यास शिकते. एखादे वळण चुकले तर रेषा मिटत नाही किंवा एखादा ठिपका वेढ्याबाहेर राहतो. चूक कोणी सांगावी लागत नाही. ती जमिनीवर उमटलेलीच असते.

या ठिपक्यांत अंकगणितही दडलेले असते. १, ३, ५, ७, ५, ३, १ अशा ओळी मांडल्या की एकूण ठिपके २५ होतात. त्यांपैकी पहिल्या चार ओळींचे १६ आणि उरलेल्या तीन ओळींचे ९. १६ हा चाराचा वर्ग, तर ९ हा तिनाचा. मधली ओळ ९ ठिपक्यांची केली तर काय होईल, हा पुढचा प्रश्न मुलाला सहज सुचू शकतो. आणि त्याचे उत्तर, म्हणजे २५ आणि १६ मिळून ४१, त्याला स्वतः मोजून पडताळता येते.

पिढ्यान् पिढ्या स्त्रियांनी जतन केलेल्या या कौशल्याला गणिताचा मान मिळण्यास मात्र बराच काळ जावा लागला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी व राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली कोलमवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. भाषेतील वाक्ये जशी व्याकरणाच्या नियमांतून सिद्ध होतात, तशी ही चित्रेही थोड्या नियमांतून निर्माण करता येतात, असे त्यांनी त्यात दाखविले. उंबरठ्याबाहेरील हा विषय अशा रीतीने संगणकशास्त्राच्या अभ्यासात दाखल झाला.

'पल्लांगुळी' हा दुसरा खेळ. लाकडी फळीवर सात-सात खळग्यांच्या दोन ओळी असतात आणि त्यांत चिंचोके किंवा कवड्या ठेवतात. प्रत्येक खळग्यात ५ चिंचोके घातले तर ७० चिंचोके लागतात. एका खळग्यातील चिंचोके उचलून पुढील खळग्यांत एकेक टाकत जायचे असते. शेवटचा चिंचोका कोठे पडेल हे आधीच ताडणाऱ्याचा डाव सरस ठरतो. मोजणे, अंदाज बांधणे आणि प्रतिस्पर्ध्याची पाळी संपेपर्यंत धीर धरणे, या तिन्ही गोष्टी येथे एकत्रच शिकल्या जातात.

मारिया माँटेसरी १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासमधील अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा भारतातील मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. चूक दाखवून देण्याची सोय शिक्षकाच्या शब्दांत नव्हे, तर साधनातच असावी, हे त्यांच्या पद्धतीचे एक प्रमुख सूत्र होय. कोलम आणि पल्लांगुळी यांत ते सूत्र मुळातच आहे. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनीही बोर्डी येथे १९४५ पासून स्थानिक व स्वस्त साधनांनी बालशिक्षण घडविता येते, हे सिद्ध केले.

तथापि, यावरून घर हेच सर्वोत्तम विद्यालय असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मुलींना घरकाम आणि रांगोळी आली की पुरे, असे म्हणून असंख्य मुलींना याच घरांनी शाळेपासून दूर ठेवले, हे विसरता येत नाही. ६ ते १४ वर्षांच्या बालकांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, तो या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर. मुलाला शाळेत दाखल करणे हे त्या कायद्याने पालकांचे कर्तव्य ठरविले असून, त्यात गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद नाही. घरी शिकणाऱ्या मुलांपैकी अनेकजण पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देतात. तेथे माध्यमिक परीक्षेसाठी वयाची किमान अट १४ वर्षे आहे.

म्हणून खरा भेद घर आणि शाळा यांत नाही. मुलाला आपली चूक आपण शोधण्याइतकी सवड मिळते काय, शेजारी बसणारे मोठे माणूस उत्तर सांगण्याची घाई आवरते काय, आणि घराबाहेरचे दार मुलासाठी, विशेषतः मुलीसाठी, उघडे राहते काय, हे तपासले पाहिजे. यांतील पहिल्या दोन गोष्टी शाळेने घराकडून शिकण्यासारख्या आहेत. तिसरी मात्र घराने शाळेकडूनच शिकावी लागेल.