मेंढरं घ्यायला निघालास तर

एवढी मेंढरं घ्यायला निघालायस, तर पैसे मोजायच्या आधी ऐकून घे. आटपाडीच्या बाजारात शिरलास की पहिली नजर माडग्याळी मेंढ्यावर जाणार. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावची ही जात. वाढ झपाट्याची, मटणाला दांडगी, लोकर मात्र नावाला. एखादा मेंढा लाखांत जातो, पण तो भाव नाकाचा आणि हौसेचा. तुला धंदा करायचाय. त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढ आणि पुढं चल.

पहिला कळप दख्खनीचा धर. जाणकार सांगतात, राजस्थानकडची लोकरीची मेंढी आणि दक्षिणेकडची केसाळ, या दोन रक्तांची ती मिसळ. म्हणून लोकर आहे, पण भरड. अंग बहुतेक काळं, मान बारीक, छाती अरुंद, कणा वर आलेला. बघणाऱ्याला वाटतं उपाशी आहे, पण बांधाच तसा. कमरेवर हात ठेव आणि कण्याच्या दोन्ही अंगांना दाबून बघ. मांस लागलं तर ठीक, नुसती हाडं टोचली तर सोड. लोणंदची, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी हे सगळे दख्खनीचेच प्रकार. आपल्या भागातलीच घे, तिला इथलं ऊन आणि चारा ठाऊक असतो.

मग तोंड उघड. पुढचे आठ दात खालच्या जबड्यातच, वर नुसती हिरडी. दीडेक वर्षाची झाली की मधले दोन दुधाचे दात पडून मोठे येतात, ती दोन दाती. पुढं चार, सहा, आठ. दोन दाती नाहीतर चार दाती घे. दातांत फटी पडल्या, दात हलायला लागले, की ती चरणार कशी? दोन्ही सडं दाबून बघ, गाठ लागली तर नको. खूर उचल, सडका वास आला तर कितीही स्वस्त असू दे, नको.

पंचवीस-तीस मेंढ्यांमागं एक मेंढा पुरतो. दोन वर्षांनी बदल, नाहीतर स्वतःच्याच लेकींवर जाईल.

जुळी देणाऱ्या मेंढीचंही ऐकलं असशील. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या बुटक्या गॅरोल मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणलं, त्यातूनच नारी सुवर्णा झाली. काम चांगलं आहे. पण जुळ्याला दुप्पट दूध लागतं, म्हणजे आईला वरून खुराक हवा. नुसत्या रानावर भागवणार असलास तर अजून थांब. घेतलासच तसला मेंढा तर रक्ततपासणीचा कागद माग. ‘जुळ्याचा आहे’ असं तोंडानं सांगणारे बाजारात पुष्कळ.

लोकरीवर फार आशा ठेवू नकोस. कोकराची पहिली कातरणी, जावळ, तेवढी वेगळी बांधून ठेव. मऊ असते, घोंगडी विणणारे सनगर तिला मान देतात.

आणि पावसाळा लागायच्या आधी आंत्रविषाराची लस टोचून घे. कोवळं गवत पोटभर खाऊन कळपातलं सगळ्यात गुटगुटीत कोकरूच रात्रीत दगावतं, त्याला कारण हाच रोग. पहिल्यांदाच टोचणार असलास तर पंधरवड्यानं दुसरा डोस द्यायचा, तारीख डॉक्टरांकडून लिहून घे. वाघर, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी, मात्र मेंढरांच्या आधी विकत घे. नवी मेंढरं पहिल्या रात्री एका जागी ठरत नाहीत.