नफक्याची मुदत आणि पित्याचा हक्क

तलाकनंतर मुले आईसोबत आजोळी गेली की दोन वाक्ये हमखास कानी येतात. पित्याकडील मंडळी म्हणतात, ‘इद्दत संपली, जबाबदारीही संपली.’ आईकडील मंडळी म्हणतात, ‘पैसे थांबले, आता मुलाचे तोंड पाहू देणार नाही.’ शरीअतमध्ये दोहोंनाही आधार नाही.

इद्दतीची मर्यादा हनफी फिकहनुसार पत्नीच्या नफक्याला आहे. अपत्याचा नफका नसबाशी जोडलेला असतो. निकाह तुटतो, नसब तुटत नाही. सूरह बकराची २३३ वी आयत दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर ठेवते आणि अपत्याच्या निमित्ताने माता-पित्यांपैकी कोणाचीही कोंडी करण्यास मनाई करते. रक्कम पित्याच्या ऐपतीप्रमाणे ठरते. रांजणगावच्या कारखान्यातील कंत्राटी कामगार आणि ऊस बागायतदार यांना एकच आकडा लावता येत नाही. मात्र ऐपत कमी म्हणजे शून्य नव्हे.

हा नफका थांबतो केव्हा? मुलगा वयात येऊन कमावण्याजोगा झाला की, आणि मुलीच्या बाबतीत तिचा निकाह झाल्यावर. अपंगत्वामुळे वा आजारामुळे कमावू न शकणाऱ्या गरीब मुलाचा भार वय वाढले तरी पित्यावरच राहतो. मुलाची स्वतःची मालमत्ता असेल, तर खर्च आधी तिच्यातून होतो. १९९७ साली नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही असेच ठरवले: तलाकपीडित महिलांविषयीच्या १९८६ च्या कायद्यातील दोन वर्षांची तरतूद मुलांच्या पोटगीला आड येत नाही.

आता पित्याचा हक्क. हिजानत, म्हणजे लहान मुलाचे संगोपन, आधी मातेकडे असते; हनफी मतानुसार मुलासाठी सुमारे सात वर्षे, मुलीसाठी ती वयात येईपर्यंत, आणि पुष्कळ फतवे नऊ वर्षांचे आहेत. विलायत मात्र या काळातही पित्याकडेच राहते. मुलाला भेटणे, त्याच्या शिक्षणावर लक्ष ठेवणे, त्याची मालमत्ता जपणे हे त्याचे हक्क आहेत. ‘हिदाया’ या ग्रंथातील एक मसअला आपल्या भागाला नेमका लागू पडतो. तलाकनंतर माता मुलाला दुसऱ्या गावी नेऊ शकते का? पिता मुलाला पाहून रात्री स्वतःच्या घरी परतू शकेल इतके गाव जवळ असेल, तर हरकत नाही. शिरूरहून न्हावरे-चौफुला मार्गे दौंडला जाऊन पिता संध्याकाळी सहज परततो. म्हणून माता दौंडला गेली तर तक्रारीस जागा नाही. पण याच मसअल्याचा दुसरा अर्थही पाहा. अंतराची अट भेटीसाठीच घातली आहे. मग शिरूरहून आलेल्या पित्याला दौंडच्या दारातून परत पाठवणे कसे चालेल?

नफका थकला, तर शिरूर व दौंड दोन्ही ठिकाणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली अर्ज करता येतो. त्यापूर्वी, शक्यतो तलाकनाम्यासोबतच, दरमहा रक्कम, ती देण्याची तारीख आणि भेटीचा वार दोन साक्षीदारांसमोर एकाच कागदावर लिहून घ्यावा.