दिवेलागणीच्या आत ठरवायचं
दोन खोल्यांच्या घरात करोनाचा रुग्ण सांभाळण्याची कृती

मे २०२१ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यातल्या १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या यादीत बीड होतं. घरात वेगळी खोली नाही, संडास एकच, आणि एकाचा आजार चार दिवसांत सगळ्या घराचा होतो, हा अनुभव त्यामागे होता. आपला सोनपेठ तालुका परभणी जिल्ह्यात, पण बीडच्या शिवेला लागून आहे आणि जिल्हा बदलला म्हणून घरांची बांधणी बदलत नाही. पुढं ओसरी, आत दोन खोल्या, मागं न्हाणी, वर पत्रे. तरीही दवाखान्यातल्या खाटा भरल्या की सौम्य लक्षणांचा माणूस घरीच राहतो. करोना आता पूर्वीसारखा उरलेला नाही, पण गेलेलाही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा जेएन.१ हा नवा प्रकार राज्यात पहिल्यांदा सिंधुदुर्गात सापडला होता. म्हणून ही कृती घरात माहीत असलेली बरी. फ्लूच्या तापालाही तिचा बराच भाग लागू पडतो.

सुरुवात खोलीपासून नाही, रस्त्यापासून करायची. रुग्णाची तब्येत बिघडली तर जायचं कुठं, हे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवायचं. इथून गंभीर रुग्णाला परभणीच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं किंवा परळीवरून अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात. दोन्ही वाटा लांबच्या. शहरातला माणूस ऑक्सिजन ९३ वर आल्यावर निघाला तरी पाऊण तासात खाटेवर असतो. आपल्याला ती चैन नाही. इथं रात्री नऊला लक्षात आलं तर रुग्णवाहिका, रस्ता, खाट यांत मध्यरात्र उलटते. म्हणून या कृतीचा कणा एवढाच: दुपारी चारची ऑक्सिजनची नोंद ही दिवसातली सर्वांत महत्त्वाची नोंद, आणि ‘जायचं की थांबायचं’ हे तिच्यावरून दिवेलागणीच्या आत ठरवायचं. एक पिशवी भरून खुंटीला लावून ठेवावी. तीत आधार कार्ड, रेशनकार्ड, शुगर-बीपीच्या चालू गोळ्या, मोबाइलचा चार्जर आणि पाण्याची बाटली. १०८ क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. ओळखीच्या जीपवाल्याशी आधीच बोलून ठेवलं तर आणखी चांगलं.

आता खोली. रुग्णाला ती द्यायची जिची खिडकी बाहेर उघडते, मग ती धान्याच्या पोत्यांची असली तरी चालेल. पोती बाहेर काढायची, माणूस आत. बाहेरची खिडकी उघडी आणि घरात उघडणारं दार बंद, हा नियम. हवा रुग्णाकडून बाहेर गेली पाहिजे, बाकीच्या घराकडे नाही. उन्हाळ्यात इथंच गडबड होते. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, आणि ती कुठून तरी निघणारच. रुग्णाच्या खोलीत कूलर लावून मधलं दार उघडं ठेवलं तर खोलीतली हवा थेट स्वयंपाकघरात येते. कूलर लावायचाच तर समोरची दुसरी खिडकी किंवा मागचं दार उघडं असावं. खोली एकच असेल तर रुग्णाची बाज ओसरीत टाकावी आणि बाकीच्यांनी आत झोपावं. वैशाखात ओसरीतच झोप बरी लागते, शिवाय उघड्या हवेत विषाणू साचून राहत नाही.

संडास एकच असेल तर रुग्णाने शेवटी जावं, तोंडाला मास्क लावून, आणि नंतर अर्धा तास दार-झरोका उघडा ठेवावा. कडी, नळ, बादलीचा कान हे पुसायला ब्लीचिंग पावडरचं पाणी: ३० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात, म्हणजे साधारण एक टक्क्याचं द्रावण. रोज ताजं करायचं, प्लास्टिकच्या बादलीत, आणि फिनाइलमध्ये किंवा अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. पण यात फार जीव अडकवू नये. २०२० मध्ये आपण माणसांच्या अंगावर औषध फवारलं आणि भाजीच्या जुड्या साबणाने धुतल्या, पण आजार मुख्यतः श्वासातून पसरत होता. फडक्यावर घालवलेला वेळ खिडकीवर घालवला असता तर जास्त फळ मिळालं असतं.

सांभाळणारा एकच माणूस ठरवावा. आपल्याकडे हे काम न सांगता सुनेकडे किंवा आईकडे जातं, तिला शुगर असली तरी. तसं न करता घरातल्या धडधाकट, लस घेतलेल्या माणसाने ते घ्यावं. मग तो मुलगा असला तर त्याने ताट वाढायला शिकावं. खोलीत जाताना दोघांच्याही तोंडावर मास्क, सांभाळणाऱ्याचा शक्यतो एन-९५. रुमाल किंवा उपरणं यांचा भरवसा धरू नये. ताट दाराशी ठेवायचं. भांडी वेगळी घासायची, पण नेहमीच्याच साबणाने.

आता मुख्य भाग, बोटाला लावायचं यंत्र. ऑक्सिमीटर घरोघर आले, पण ते नीट लावणारे थोडे. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवावं. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत. शेतात राबणाऱ्या बोटांची कातडी जाड, भेगाळलेली असते. गार बोटावर आकडा खोटा येतो. नेलपॉलिश काढावं. लग्नसराईतली काळी मेंदी असेल तर दुसरं बोट बघावं. मधलं बोट आत घालून हात छातीशी, हृदयाच्या पातळीत धरावा आणि पूर्ण मिनिटभर हलू नये. आकडा स्थिरावला की तो लिहायचा, चमकून गेलेला पहिला नाही. पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा, एक नाडीचा. कोणता कुठला ते आधी बघून घ्यावं. आणि यंत्र उलट्या बाजूने वाचू नये. ९८ हा आकडा समोरच्या बाजूने ८६ दिसतो. त्यावरून घरात रडारड होऊ शकते. आणखी एक गोष्ट: अमेरिकेत २०२० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की काळ्या वर्णाच्या रुग्णांत हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं. आपल्या उन्हात रापलेल्या बोटांवर दिसणारा ९४ म्हणूनच निवांत होण्यासारखा आकडा नाही.

नोंद वहीत. सकाळी, दुपारी चारला, रात्री झोपताना: वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी. जमलं तर श्वासही मोजावा. रुग्णाला न सांगता त्याच्या पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २४ च्या वर गेला तर यंत्र काहीही म्हणो, डॉक्टरकडे.

दुपारच्या नोंदीला जोडून सहा मिनिटं चालायची चाचणी. एप्रिल २०२१ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने ती घराघरात पोचवली, कारण काही रुग्णांचा ऑक्सिजन उतरत जाई आणि त्यांना धाप लागल्याचं जाणवतही नसे. बसून आकडा घ्यायचा, मग यंत्र बोटाला ठेवूनच ओसरीत सपाट जागेवर नेहमीच्या चालीने सहा मिनिटं फिरायचं, जिना नाही. साठीच्या वरच्यांनी तीन मिनिटंच. दम्याच्या रुग्णाने किंवा बसल्या जागी धाप लागणाऱ्याने ही चाचणी करूच नये. चालून आकडा एक-दोनने उतरला तर काळजी नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावं. ९३ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनपेक्षा जास्तने उतरला, किंवा चालताना दम लागला, तर खुंटीवरची पिशवी काढायची. माझं मत विचाराल तर सोनपेठकराने दुपारी चारला ९४ आलं आणि सकाळी ९७ होतं, तर डॉक्टरांना फोन करून तेव्हाच निघावं. आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा.

आजाराचा पाचव्या ते दहाव्या दिवसांचा काळ दगाबाज असतो. पहिले चार दिवस ताप येऊन जातो, माणूस ‘आता बरं वाटतंय’ म्हणून शेताकडे बघायला लागतो, आणि मग धाप सुरू होते. दिवस मोजायचे ते लक्षण दिसल्यापासून, रिपोर्ट आल्यापासून नाही. वहीच्या पहिल्या पानावर ती तारीख मोठ्या अक्षरात असावी.

औषधाबद्दल थोडं. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून. पाणी, ताक, ओआरएस भरपूर. मे महिन्यात तापाने आणि उन्हाने अंग दुहेरी सुकतं. वाफेच्या भांड्याने विषाणू मरत नाही, पोरं भाजतात मात्र. आणि स्टिरॉइड ऑक्सिजन चांगला असताना घ्यायचं नाही. ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीत २०२० मध्येच दिसलं होतं की डेक्सामेथासोनचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांना होतो, बाकीच्यांना नाही. तरी २०२१ मध्ये पारावर पहिला प्रश्न ‘स्कोर किती?’ असायचा, सौम्य ताप असलेले लोक सिटी स्कॅनच्या रांगेत उभे राहायचे आणि स्कॅनमधल्या स्कोरच्या भीतीने स्टिरॉइड सुरू व्हायचं.

गाडी येईपर्यंत पालथं झोपवणं मदत करतं. सैल विणीची बाज खोलगट होते, म्हणून जमिनीवर सतरंजी अंथरावी. उशा पुरेशा नसतील तर गोधड्यांच्या वळकट्या: एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत, दोन नडग्यांखाली. अर्धा तास ते दोन तास पालथं, मग उजव्या कुशीवर, मग टेकून बसून, मग डाव्या कुशीवर. जेवल्यावर तासभर नाही. गरोदर बाई, हृदयाचा गंभीर रुग्ण, पायाच्या शिरेत नुकतीच गुठळी झालेला, मांडी-कंबर-मणक्याचं हाड मोडलेला यांना पालथं करू नये. आणि पालथं झाल्यावर आकडा ९१ चा ९५ झाला म्हणून गाडी परत पाठवायची नाही.

सगळं सुरळीत गेलं तर २०२१ च्या नियमाने लक्षणांपासून दहा दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नाही, अशा दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावर विलगीकरण संपायचं. जानेवारी २०२२ पासून दहाचे सात झाले. पुन्हा तपासणी करायची गरज नसते. वाकळ-चादरी उन्हात टाकाव्यात. शुगर असलेल्या माणसाने, विशेषतः स्टिरॉइड झालं असेल तर, पुढचे काही आठवडे शुगर तपासत राहावी आणि एका बाजूचा गाल सुजला, डोळ्याभोवती दुखलं, नाकातून काळपट स्राव आला, वरचे दात हलायला लागले, तर काळ्या बुरशीची शंका धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तेव्हा वही सोबत न्यावी, डॉक्टरांना स्टिरॉइडच्या तारखा हव्या असतात.