वहिनींना भरती करण्याआधी

वहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, फार बरं झालं. जिन्याचा कठडा धरून किती दिवस चढणार होत्या? आता आत्याच्या चार गोष्टी ऐकून ठेव, कारण धावपळ तुझीच होणार आहे.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी एक गोष्ट पक्की कळली. अख्खा पेशंट दवाखान्यात कोणा एकाच्या डोक्यात नसतो. सर्जनला गुडघा ठाऊक, सिस्टरला तिची ड्युटी, काउंटरवाल्याला बिल. सगळे आपापलं काम मनापासून करतात, तरी मधे काहीतरी निसटतंच. मला ट्रामाडॉलच्या इंजेक्शनने उलट्या झाल्या. दुपारच्या सिस्टरने धावत येऊन डोकं धरलं, तोंड पुसलं, डॉक्टरांना विचारून औषध बदलून घेतलं. रात्री ड्युटी बदलली आणि नव्या सिस्टरने पुन्हा तेच इंजेक्शन आणलं. मी जागी होते म्हणून टळलं.

तेव्हा एक वही कर आणि अख्ख्या वहिनी त्या वहीत असू देत. चालू गोळ्या डोससकट, काय सोसत नाही ते लाल शाईने. त्यांची रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची, कधी पुन्हा सुरू करायची, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन दोघांना विचारून लिही. आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नकोस. प्रत्येक इंजेक्शनला "सिस्टर, हे कशाचं?" एवढं विचारायचंच. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही. ड्युटी बदलायच्या वेळा माहीत करून घे आणि तेव्हा चहाला खाली जाऊ नकोस, खाटेपाशी थांब.

वॉर्डातल्या मावशींना पहिल्याच दिवशी नाव विचार. माझ्या वेळच्या मावशी बेडपॅन द्यायला आल्या की आधी पडदा ओढायच्या, मग पायावर चादर टाकायच्या आणि चादरीच्या आतूनच सगळं करायच्या. त्या माउलीने मला एकदाही उघडं पडू दिलं नाही. आणि त्याच खोलीत सकाळच्या राऊंडला डॉक्टरांसोबत घोळका यायचा, न विचारता चादर वर व्हायची. डॉक्टरांच्या हाताला यश होतं, माझा गुडघा त्यांनीच उभा केला, पण तो संकोच मी विसरलेली नाही. वहिनी स्वतः बोलणार नाहीत. राऊंड आला की "डॉक्टर, पडदा ओढतो हं" म्हणून तू ऊठ.

हाताला लावलेल्या सुईभोवती लाली किंवा सूज दिसली की लगेच सांग. घोटे हलवत राहायला लाव, पोटरीत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला, तर राऊंडची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला डॉक्टरांना बोलाव. आणि पहिल्यांदा उभं करताना फिजिओ हवाच.

आता पैशाचं. पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा आजच बघ. महाग खोली घेतली तर नुसता खोलीचा फरक कापला जातो असं नाही. बऱ्याच पॉलिसींत सर्जनची फी आणि ओटीचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर सरकारने 2017 मध्ये कमाल मर्यादा घातली आहे, म्हणून बिलात सांध्याची कंपनी आणि किंमत वेगळी लिहून माग. सांध्याच्या खोक्यावरचं स्टिकर फाईलला लावतात, त्याचा फोटो काढून ठेव, पुढे कधी पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर तोच लागतो. आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना सांगून ठेव, धर्मादाय दवाखान्यांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. हे त्यांना कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून माझा जीव तुटतो.

सगळ्यात जास्त दमवतो तो घरी जायचा दिवस. सकाळी डॉक्टर "जा आता" म्हणाले आणि मी साडी नेसून संध्याकाळपर्यंत खुर्चीवर बसले, पाय सुजला. फाईल विमा कंपनीकडे गेलीच नव्हती. 2024 पासून नियम आहे, दवाखान्याची विनंती मिळाल्यापासून 3 तासांत कंपनीने शेवटची मंजुरी द्यायची आणि त्याहून उशीर झाला तर वाढलेला खर्च कंपनीने सोसायचा. म्हणून दवाखान्यातल्या विम्याच्या (टीपीए) डेस्कवर स्वतः जा, फाईल किती वाजता पाठवली ते वहीत लिहून घे. तोवर वहिनींना खाटेवरच पडू दे आणि दुपारचं जेवण, गोळ्या चुकवू नकोस.

डिस्चार्ज कार्ड सिस्टरसमोरच वाच. कुठली गोळी किती दिवस, टाके कधी काढायचे, रात्री ताप आला तर फोन कोणाला. एक्स-रेच्या फिल्म मोजून घे. आणि कमोडवर ठेवायची उंच सीट आजच बघून ये, वॉकर घेऊन वहिनी दारात उभ्या राहिल्यावर दुकानं शोधत फिरू नकोस.