दंडाची पट्टी आणि तोडणीवाल्यांची लेकरे



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, खोडकिडा यांविषयी वाचता. आजचा विषय निराळा आहे, पण आपल्याच फडातला आहे.

गळीत हंगाम लागला की बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून तोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि बरोबर लहान लेकरे. गावी असताना या लेकरांचे वजन अंगणवाडीत होते. इकडे आल्यावर नाव राहते तिकडच्या यादीत आणि मूल राहते इकडच्या कोपीत. तिकडची सेविका म्हणते, मूल गावात नाही. इकडची म्हणते, मूल माझ्या यादीत नाही. या दोन गावांच्या मध्ये मूल खंगत जाते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही.

ओळखावे कसे?

नुसत्या नजरेवर भिस्त ठेवू नये. अंगणवाडी सेविका व आशाताई यांच्याकडे दंडघेर मोजण्याची रंगीत पट्टी असते. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा डावा हात सैल सोडून खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळतात. पट्टी आवळू नये, ढिलीही ठेवू नये.

घेर १२.५ सें.मी. किंवा जास्त असेल तर हिरवा रंग, म्हणजे ठीक. ११.५ ते १२.५ च्या दरम्यान पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण. ११.५ पेक्षा कमी भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. पहिल्या वर्षानंतर पाच वर्षांपर्यंत दंडाचा घेर फारसा वाढत नाही, म्हणून वय नक्की ठाऊक नसले तरी पट्टी उपयोगी पडते.

दुसरी खूण पावलांची. दोन्ही पावलांवर अंगठा ३ सेकंद दाबून धरावा. खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे. असे मूल वरून गुबगुबीत दिसते, पट्टीही हिरवी दाखवील, तरी ते तीव्र कुपोषितच समजावे.

उपचार कोठे?

पूर्वी अशा प्रत्येक मुलाला दवाखान्यात ठेवण्याची पद्धत होती. पण आई तिथे अडकली की मजुरी बुडते, म्हणून पुष्कळ मुले येतच नसत. इ.स. २००० पासून इथिओपियात आणि पुढे मलावीत, वस्तीजवळच तपासून घरी उपचार देण्याची पद्धत डॉ. स्टीव्ह कॉलिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरून पाहिली. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी इतर संस्थांसह तिला मान्यता दिली. त्यात शेंगदाण्याचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे व खनिजे यांचा तयार आहार देतात. आपल्याकडे याच विचाराने अंगणवाडीत ग्राम बाल विकास केंद्र चालवतात.

मात्र मूल खात नसेल, ताप, उलट्या, जुलाब, धाप असेल, मलूल पडले असेल किंवा पावलांना सूज असेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. तेथून त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. सहा महिन्यांच्या आतले मूल अशक्त असेल किंवा अंगावर पीत नसेल, तर त्यालाही दवाखान्यातच न्यावे.

दयेपोटी अशा मुलाला एकदम पोटभर खाऊ घालू नये. खंगलेल्या शरीराला ते सोसत नाही, जिवावर बेतू शकते. उसाचा रस आणि बिस्किटे हाही उपचार नव्हे. पोट भरल्यासारखे वाटते, अंग भरत नाही.

आपण काय करावे?

१. टोळी उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात मुकादमाकडून सहा वर्षांखालील मुलांची नावे घेऊन जवळच्या अंगणवाडीत द्यावीत. पोषण ट्रॅकरमध्ये नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येते, हे सेविकेला आठवून द्यावे.

२. महिन्यातून एकदा कोप्यांवर मोजणी व्हावी. बाया पहाटेच फडात जातात, म्हणून संध्याकाळची वेळ सांगून ठेवावी.

३. मूल लाल रंगात आले तर दवाखान्यापर्यंत गाडीची सोय करावी. त्या दिवसाची आईची मजुरी कापू नये, असे मुकादमाला बजावावे.

४. टोळी परत निघताना दंडघेर व उपचाराची चिठ्ठी आईच्या हाती द्यावी, म्हणजे गावची सेविका पुढे चालवील.

नांग्या वेळेवर भरल्या तरच फड एकसारखा येतो, उशिरा भरलेले रोप मागेच राहते. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेल्या मुलाचेही तसेच आहे. आपला ऊस वेळेवर तुटावा म्हणून आपण टोळीची वाट पाहतो. तिच्याबरोबर आलेली लेकरे धडधाकट परत जावीत, एवढी काळजी आपल्या शिवाराने घ्यावी.

— ऊस विकास अधिकारी