बेस आधी, अ‍ॅम्प सावकाश

बँड जमतो तेव्हा गिटारवाले दोन-तीन आधीच असतात, ड्रमवाला कुठून तरी पकडून आणलेला असतो, आणि मग ज्याची गिटार सगळ्यांत कच्ची त्याच्या गळ्यात बेस पडतो. माझी नेमणूक अशीच झाली. फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमींतून एकत्र राहिलेली आम्ही पाच जणं, आणि वर्गणी काढून जमवलेले 25 हजार रुपये. दुकानदार म्हणाला, ‘सेटच घेऊन टाका ना.’ सेट म्हणजे 40 वॅटचा अ‍ॅम्प आणि उरलेल्या पैशांत बसेल तो बेस. निम्मे पैसे त्या काळ्या खोक्यात गेले.

जॅम रूममध्ये ड्रमवाल्याने पहिली काठी मारली आणि मी गायब. आवाज वाढवला तर सूर फाटायचा, कमी केला तर मला स्वतःलाही ऐकू यायचं नाही. यात अ‍ॅम्पचा काही दोष नव्हता. बेसची सगळ्यांत जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते, म्हणजे गिटारच्या जाड तारेच्या निम्म्याने. इतके खालचे सूर आपल्या कानांना मुळातच कमी ऐकू येतात आणि लहान स्पीकरला ते नीट काढताही येत नाहीत. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर दहापट वॅट लागतात. त्यामुळे 20 ऐवजी 40 वॅट घेतल्याचं समाधान बिलावरच राहतं.

घरी नेमकं उलटं. तिथे तोच अ‍ॅम्प इतका घुमायचा, की खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. खालचे सूर स्लॅबमधून जातात, दारं-खिडक्या लावून थांबत नाहीत. आणि कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही तो रिक्षातून नेला, तर साउंडवाल्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ‘बेसची लाइन दे,’ एवढंच म्हणाला. माझी केबल एका छोट्या डीआय बॉक्समध्ये खोचली, तिथून मिक्सरला दिली, झालं.

म्हणून आता कोणी अ‍ॅम्पबद्दल विचारलं, की मी आधी एवढंच विचारतो: वाजवणार कुठे? घरी हेडफोन पुरतो. खिशात मावणारा हेडफोन अ‍ॅम्प किंवा झूमच्या बी1 फोरसारखं छोटं पेडल घ्या, घरच्यांची झोप शाबूत राहील. पुण्या-मुंबईत तासावर मिळणाऱ्या जॅम रूममध्ये बहुधा बेस अ‍ॅम्प असतोच, बुकिंगच्या आधी फोन करून विचारा. स्टेजवर लाइन जाते. तिन्ही ठिकाणी तुमच्या अ‍ॅम्पवाचून काही अडत नाही. अमेरिकेत 1960च्या दशकात मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत जेम्स जेमर्सन जो बेस वाजवायचा, तोसुद्धा बराचसा अ‍ॅम्पशिवाय थेट कन्सोलमध्ये घेतला जायचा. तेव्हा अ‍ॅम्प नाही म्हणजे आपण कच्चे, असं मनात आणू नका.

कुणाच्या गॅरेजमध्ये किंवा गावाकडच्या रिकाम्या खोलीत ड्रमसोबत तालीम होणार असेल, तर मात्र अ‍ॅम्प लागतो. मग निदान 100 वॅट आणि 12 किंवा 15 इंची स्पीकर बघा. तोवर गिटारच्या अ‍ॅम्पवर मोठ्या आवाजात बेस वाजवू नका, त्याचा स्पीकर त्यासाठी बनलेला नसतो आणि फाटतो.

वाचलेले पैसे बेसवर घाला, पण रंगावर नको. स्क्वायर, यामाहा, आयबानेझ, कॉर्ट यांचे सुरुवातीचे बेस सगळे वाजवण्याजोगे असतात. चार तारा पुष्कळ झाल्या. आतमध्ये 9 व्होल्टची बॅटरी लागणारे अ‍ॅक्टिव्ह बेस नव्या बँडला मी सुचवत नाही, बॅटरी नेमकी दुसऱ्या गाण्यात संपते. लिओ फेंडरने 1951 साली आणलेल्या प्रिसिजन बेसच्या घडणीचा बेस असेल तर फिरवायला बटणं कमी, घोळ कमी. 1960च्या जॅझ बेसच्या घडणीत दोन पिकअप असतात. त्यातला एक बारीक केला की घुंग-घुंग सुरू होते आणि दोन्ही पूर्ण उघडले की बहुतेक बेसमध्ये ती थांबते. तो बिघाड नसतो, दुकानात परत धावू नका. हात लहान असेल तर 34 इंची ऐवजी 30 इंची शॉर्ट स्केल धरून पाहा. आणि पट्टा लावून दहा मिनिटं उभं राहा. बसून हलका वाटणारा बेस उभ्याने खांदा काढतो.

सेटअपचे पैसे मात्र आधीच बाजूला काढा. आमच्या बेसच्या तारा इतक्या उंच होत्या, की माझी बोटं सोलून निघायची आणि मला वाटायचं, शिकताना असंच होत असणार. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. मधोमध व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि तिथेच बोट नुसतं टेकवून येणारा हार्मोनिक फोनच्या ट्यूनरवर सारखे दिसले पाहिजेत. नसतील तर कारागिराकडे न्या. पावसाळ्यात दमट हवेने नेक हलते, तेव्हा वर्षातून एखादी फेरी धरूनच चाला. जुना बेस घेताना नेक सरळ ठेवणाऱ्या ट्रस रॉडचा नट फिरतो का, हे विक्रेत्यालाच फिरवून दाखवायला सांगा. तो झिजलेला असेल तर किंमत कितीही पाडली तरी नको.

दुसरी खरेदी डीआय बॉक्सची. साउंडवाल्याकडचा कधी असतो, कधी ‘आत्ता होता की’ असतो. त्यावरच्या ग्राउंड लिफ्टच्या बटणाने केबलमधून येणारी घुंग-घुंग जाते. ती घालवायला अ‍ॅम्पच्या तीन पिनच्या प्लगमधली अर्थिंगची पिन कापणारे महाभाग मी पाहिले आहेत. तारा अ‍ॅम्पच्या धातूला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसलेला अ‍ॅम्प एका बोर्डवर आणि मिक्सर दुसऱ्यावर असेल, तर हात तारांवर ठेवून माइकला ओठ लावताच झटका बसू शकतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. मंडपात दोन्हींची वीज अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवरून मागून घ्या. साउंडवाला कुरकुर करेल, करू द्या.